वायरीतली खरखर आणि आपली डोकेदुखी

बोर्डाच्या प्लगमध्ये एक छोटा मीटर खोचतात. आकडा चांगलाच मोठा दिसतो. मग शेजारच्या प्लगमध्ये एक डबी लावतात आणि आकडा झपाट्याने उतरतो. डोकेदुखी, झोप न लागणं, थकवा, मुलांची चिडचिड, या सगळ्याच्या मुळाशी ‘दूषित वीज’ आहे असं सांगून अशी फिल्टरं विकली जातात. आकडा खरोखरच उतरतो, त्यात फसवणूक नाही. पण तो मीटर नेमकं काय मोजतो?

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. इस्त्री किंवा गिझर तिच्या लहरीबरोबर शांतपणे वीज घेतात. एलईडी बल्ब, चार्जर, टीव्ही आणि इन्व्हर्टर एसी तसं करत नाहीत. ते लहरीच्या शिखराजवळच करंट ओढतात आणि आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा तो चालू-बंद करतात. त्यातून मूळ ५० हर्ट्झवर १५०, २५० हर्ट्झच्या उपलहरी चढतात आणि वर त्याहून खूप जास्त कंप्रतांचा, म्हणजे सेकंदाला हजारो आवर्तनांचा गोंगाट येतो. पंख्याचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक लहरीचा तुकडाच कापतात, तर मिक्सरच्या कार्बन ब्रशवर ठिणग्या उडतात. भर मे महिन्यात लाइट गेली आणि स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा घुमायला लागला, की याच उपलहरी आपण कानाने ऐकत असतो. जुना ट्रान्झिस्टर असेल तर मिडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झपासून काटा थोडा बाजूला सरकवा आणि रेडिओ हलक्या दर्जाच्या एलईडी बल्बजवळ न्या. जी खरखर ऐकू येईल, त्याच जातीचा गोंगाट तो मीटर मोजतो. रेडिओच्या दृष्टीने तो उपद्रव आहेच.

शरीराचं काय? दावा मुख्यतः ४ ते १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल केला जातो. याबाबत १९८९ साली ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी कचेऱ्यांमध्ये केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी काही ट्यूबलाइटना जुने चोक ठेवले आणि काहींना २० किलोहर्ट्झच्या वर चालणारे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले. कुठे काय आहे हे काम करणाऱ्यांना माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला. म्हणजे ज्या पट्ट्याला दोष दिला जातो त्याच पट्ट्यात काम करणाऱ्या दिव्यांनी लोकांना आराम दिला. त्रास होता तो जुन्या ट्यूबच्या उजेडात होणाऱ्या सेकंदाला १०० वेळांच्या लुकलुकीचा. डोळ्यांना ती जाणवत नाही, तरी मेंदूवर परिणाम करते. आजच्या काही स्वस्त एलईडींतही ती असते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर लुकलुक आहे असं समजावं. अभ्यासाच्या टेबलावरचा असा बल्ब बदलणं हा डबीपेक्षा कितीतरी चांगला खर्च.

विद्युतचुंबकीय क्षेत्राने आपल्याला त्रास होतो असं सांगणाऱ्या ७२५ जणांवरच्या ३१ प्रयोगांचा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. यंत्र चालू आहे की बंद, हे लपवून ठेवलं की बहुतेक प्रयोगांत त्यांना फरक ओळखता आला नाही. ज्या थोड्या प्रयोगांत काही दिसलं, ते निष्कर्ष टिकले नाहीत किंवा एकमेकांशी जुळले नाहीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं, की लक्षणं खरी आहेत, पण त्यांचा क्षेत्राशी संबंध जोडायला वैज्ञानिक आधार नाही. या वाक्याचा पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्याला रात्र-रात्र झोप येत नाही त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणं क्रूर आहे. रक्तदाब, थायरॉइड, चष्म्याचा नंबर, उकाड्यात मोडलेली झोप, हे सगळं तपासायला हवं. डबीवर विसंबलो तर ते राहून जातं.

एक शंका मात्र मोकळी ठेवायला हवी. घरातलं सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त असेल तर मुलांमधला रक्ताचा कर्करोग जास्त आढळतो, असा सांख्यिकी संबंध दिसला; म्हणून २००२ साली अशा क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं गेलं. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही. पण हे ५० हर्ट्झचं क्षेत्र आहे, आणि ती डबी म्हणजे मूलतः एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर सुमारे ०.७ अँपिअर करंट सतत वायरीतून फिरवतो. म्हणजे ५० हर्ट्झचं क्षेत्र कमी होणं दूरच, थोडं वाढूही शकतं.

आता जे अंगाला खरोखर जाणवतं त्याबद्दल. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. कॉम्प्युटरमध्येच बसवलेलं, गोंगाट रोखणारं फिल्टर थोडा करंट अर्थिंगकडे सोडतं. अर्थिंग नसेल तर तो हातातून वाट काढतो. सहसा तो एक मिलिअँपिअरच्या आत असतो, पण अर्थिंग तुटल्याची ती स्पष्ट खूण आहे. हीच तुटलेली अर्थिंग लोखंडी कूलरला असेल, पंपाची वायर आत कुठे सोललेली असेल आणि फरशी ओली असेल, तर ओल्या अंगातून २०० मिलिअँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडवायला त्याहून खूप कमी पुरतो.

विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तिचा विद्युतरोध वाढतो, आणि नेमके तेव्हाच घरोघरी कूलर चालू असतात. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासूनच नियमित पाणी घालावं, कूलरला तीन पिनांचाच प्लग असावा, पाणी भरताना प्लग काढलेला असावा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट भलतीकडे गळू लागला की वीज तोडणारं स्विच, बसवून घ्यावं आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावं. खटका पडला नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.