अतिवजनी तरुणांची श्वसनक्षमता आणि व्यायाम

वजन प्रमाणाबाहेर वाढलेल्या तरुणांचा श्वास मोकळा व्हावा, दम टिकावा यासाठी नियमाने करून घेतला जाणारा व्यायाम. भारतीयांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २३ च्या वर गेला की अतिवजन धरतात. फुप्फुसांची क्षमता विशीत कळसाला पोहोचते आणि पुढे हळूहळू उतरते, म्हणून या वयातले प्रयत्न मोलाचे.

पोटावरची चरबी श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यासारख्या स्नायूला) वर रेटते आणि छातीवरच्या चरबीमुळे बरगड्यांचा पिंजरा फुलवायला जास्त जोर लागतो. सर्वांत आधी घटते ती साधा उच्छ्वास संपल्यावरही जोराने बाहेर काढता येणारी राखीव हवा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीएमआय ३० असलेल्यांत ती बीएमआय २० असलेल्यांच्या जेमतेम ४७ टक्के भरली. फुप्फुसांच्या तळाकडच्या बारीक श्वासनलिका मिटू लागतात. तरीही स्पायरोमेट्रीचा (नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीचा) अहवाल पुष्कळदा ‘नॉर्मल’ येतो, आणि जिना चढताना लागणारी धाप आळसाच्या खाती टाकली जाते. हा त्या मुलामुलींवर अन्याय आहे. त्यांचे श्वसनस्नायू खरोखरच जास्त राबत असतात.

व्यायामाने फुप्फुसे मोठी होत नाहीत. पायांचे स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात, त्यामुळे त्याच चढाला कमी श्वास पुरतो. पोटाचा घेर उतरला की श्वासपटल सहज खाली सरकते. वजनकाटा फारसा हलला नाही तरी दमसास वाढू शकतो, म्हणून प्रगती सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीने किंवा श्वास ओढण्याच्या कमाल दाबाने मोजणे अधिक योग्य.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम (भरभर चालणे, सायकल, पोहणे) आणि किमान दोन दिवस जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम करावा. जोडीला विरोध देणाऱ्या छोट्या उपकरणातून श्वास ओढण्याचा सराव देतात.

अमेरिकेतील ‘कार्डिया’ या अभ्यासात १९८५-८६ पासून चार शहरांतील १८ ते ३० वयाच्या लोकांचा मागोवा घेतला गेला. सुरुवातीलाच वजन जास्त असलेल्यांची फुप्फुसक्षमता दहा वर्षांत घटली, सडपातळांची वाढली. ज्यांनी तंदुरुस्ती राखली त्यांची घट कमी दिसली.

व्यायाम करून थांबल्यावर छातीत घरघर किंवा खोकला येत असेल, अथवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.