चित्रपट-वारशाचे डिजिटल जतन

चित्रफितीवरील दृश्य व ध्वनी डिजिटल स्वरूपात उतरवून ते टिकवणे आणि अभ्यासकांना, प्रेक्षकांना खुले करणे. भारतात या कामाचा मुख्य आधार पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हा आहे. संग्रहालयाचे माजी संचालक पी. के. नायर यांनी तेथे जमवलेल्या रिळांवरच पुढील काम उभे राहिले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

साधारणपणे १९५० पर्यंत वापरात असलेली नायट्रेट फीत अतिज्वालाग्राही असते. नंतरची अ‍ॅसिटेट फीत सहसा पेट घेत नाही. मात्र उष्ण-दमट हवेत तिच्यातून आम्ल सुटते, ती आकसते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून मोठी हानी झाली. भारतात सु. १,३०० मूकपट निघाले असावेत. पूर्ण वा त्रुटित रूपात उरलेले जेमतेम तीसेक. १९५४ च्या कायद्याने पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देणे सक्तीचे केले, चित्रपट मात्र त्यातून सुटले.

राजा हरिश्चंद्र (१९१३) या फाळके यांच्या चित्रपटाची पहिली व शेवटची रिळे उपलब्ध आहेत, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. वीरचंद धरमसी आदी अभ्यासकांच्या मते ही रिळे फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत. हे मत अधिक ग्राह्य दिसते. अशा वादात कच्च्या (चित्रण होण्यापूर्वीच्या) फितीच्या कडेवरील खुणा उपयोगी पडू शकतात. सु. १९१६ पासून कोडॅकच्या फितींवर वर्षदर्शक चिन्हे आढळतात, आणि पुढे काढलेल्या प्रतीवर ती कधीकधी उमटलेली असतात. म्हणून केवळ चौकटीतील चित्र न टिपता कडा व छिद्रांसह फितीची संपूर्ण रुंदी स्कॅन करणे इष्ट ठरते. पडद्यासाठी स्वच्छ केलेल्या प्रतीत हा पुरावा राहत नाही; त्यामुळे ओरखडे पुसण्यापूर्वीचे स्कॅन वेगळे राखतात.

फायली सामान्यतः चुंबकीय टेपवर, दोन वा अधिक ठिकाणी ठेवतात आणि ठरावीक काळाने नव्या टेपवर हलवतात. स्कॅन झाले तरी मूळ रीळ टाकून देत नाहीत.

भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट खुले करण्यास या हक्काची आडकाठी नाही. नंतरच्या, विशेषतः बंद पडलेल्या निर्मितीसंस्थांच्या चित्रपटांचे वारस शोधावे लागतात.