टेंडरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रागच्या फ्रान्झ योसेफ स्थानकावर एक दाढीवाले गृहस्थ नेमाने दिसायचे. त्यांना कुठे जायचं नसायचं, कुणाला आणायचंही नसायचं. ते इंजिनं बघायला येत. कुठली गाडी कुठल्या इंजिनाने ओढली, त्याचा नंबर काय, चालक कोण, हे त्यांना पाठ असे. हे गृहस्थ म्हणजे संगीतकार अंतोनिन द्वोर्जाक. स्वतःला जमलं नाही तर नंबर टिपून आणायला ते शिष्याला पिटाळत. एकदा ही कामगिरी योसेफ सुककडे आली. सुक पुढे त्यांचा जावई झाला. त्याने इमानेइतबारे नंबर लिहून आणला, पण तो होता टेंडरचा. द्वोर्जाक मुलीकडे वळून म्हणाले, असल्या माणसाशी लग्न करणार आहेस तू? रेल्वेवेडे हा किस्सा आजही चवीने सांगतात.

बाहेरच्याला यात काय बिघडलं ते कळत नाही. टेंडर म्हणजे वाफेच्या इंजिनामागे जोडलेला कोळशा-पाण्याचा डबा. कारखान्यात दुरुस्तीला गेलं की एका इंजिनाचं टेंडर दुसऱ्याला लागायचं. त्यामुळे टेंडरच्या नंबरावरून कोणतं इंजिन आलं होतं ते सांगता येत नाही. इंजिनांचे नंबर टिपण्याच्या या छंदाचा सगळा डोलारा मात्र त्याच एका प्रश्नावर उभा आहे: ‘हेच’ इंजिन आलं होतं का? या जातीचं कुठलंही चालत नाही, नेमकं हेच हवं.

सुरुवातीला नंबरांची गरजच नव्हती. 1829 मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली, तीत उतरलेली इंजिनं मोजकी होती आणि ‘रॉकेट’सारखी नावं त्यांना पुरत होती. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने रुंदमापी मार्गावरच्या इंजिनांना बराच काळ नुसती नावंच दिली. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक याच रेल्वेची आहे. 1861 मध्ये पश्चिम लंडनमध्ये राहणारी चौदा वर्षांची एक मुलगी समोरून जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांची नावं वहीत उतरवत असे. हा पुरुषांचा छंद आहे असं पुढे शंभर वर्षं ऐकवलं गेलं, पण वहीचा मान तिच्याकडे जातो.

मग इंजिनांची संख्या वाढली, एका साच्याची पन्नास-शंभर इंजिनं निघू लागली आणि नावं पुरेनाशी झाली. हिशेबासाठी कंपन्यांनी नंबर घातले. तो कारकुनी आकडा कुणाच्या तरी मनात भरेल, असं कंपन्यांच्या ध्यानीमनीही नसावं. 1897 मध्ये ‘रेल्वे मॅगझीन’ निघालं, 1909 मध्ये स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटी स्थापन झाली आणि 1928 मध्ये रेल्वे करस्पॉन्डन्स अँड ट्रॅव्हल सोसायटी. या शेवटच्या संस्थेच्या नावातला ‘पत्रव्यवहार’ शब्दशः घ्यायचा. कुठल्या शेडवर, म्हणजे इंजिनांच्या आगारात, कोणतं इंजिन उभं होतं, कोणतं मोडीत निघालं, कोणतं आपला मुलूख सोडून भलतीकडे दिसलं, हे सभासद एकमेकांना टपालाने कळवत. बातमी पोचेपर्यंत इंजिन केव्हाच माघारी गेलेलं असे. तरी हरकत नव्हती, कारण पळत जाऊन गाठण्यापेक्षा नोंद पक्की होणं महत्त्वाचं होतं.

‘भलतीकडे दिसलं’ यालाही इतिहास आहे. 1923 मध्ये ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या: सदर्न, ग्रेट वेस्टर्न, लंडन मिडलँड आणि ईशान्येकडची नॉर्थ ईस्टर्न. प्रत्येकीची इंजिनं वेगळ्या घडणीची, वेगळ्या रंगाची आणि आपापल्या हद्दीत फिरणारी. हद्द आहे म्हणून हद्द ओलांडणारं इंजिन ही बातमी. 1948 च्या उन्हाळ्यात, राष्ट्रीयीकरणानंतर लगेच, कुणाची इंजिनं सरस ते पाहायला सरकारी रेल्वेने मुद्दामच अदलाबदल केली. दक्षिण इंग्लंडच्या सुट्टीच्या गाड्या ओढणारी ‘वेस्ट कंट्री’ जातीची इंजिनं स्कॉटलंडच्या डोंगरात पर्थ-इनव्हर्नेस मार्गावर धावली आणि ईशान्येची निमुळत्या अंगाची ‘ए-4’ लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून सुटली. त्या काही महिन्यांत रुळांकडेला उभं राहिलेल्यांची दिवाळीच झाली असणार.

याच्या थोडं आधी हा छंद मोठ्या माणसांच्या क्लबांतून शाळकरी पोरांच्या हाती गेला होता. त्याला कारण इयन ॲलन. सदर्न रेल्वेच्या वॉटर्लूमधल्या प्रसिद्धी कचेरीत हा तरुण कामाला होता. शाळेत असताना झालेल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. इंजिनांची माहिती विचारणारी लोकांची पत्रं त्याच्या टेबलावर येत आणि तीच तीच उत्तरं लिहून तो कंटाळला. सगळ्या इंजिनांची यादीच छापावी, असं त्याने वरिष्ठांना सुचवलं. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्याने 1942 मध्ये ती स्वतः छापली. सदर्नच्या इंजिनांचं ‘एबीसी’, किंमत एक शिलिंग, प्रती 2,000. त्या हातोहात संपल्या. मग उरलेल्या तीन कंपन्यांच्याही याद्या निघाल्या.

यातला काळ लक्षात घेण्यासारखा आहे. महायुद्ध चालू होतं. शत्रूचं सैन्य उतरलं तर त्याला वाट सापडू नये म्हणून 1940 मध्ये स्थानकांच्या पाट्या उतरवल्या होत्या. म्हणजे आपण कुठल्या स्थानकात आहोत ते प्रवाशाला कळायचं नाही, पण समोरचं इंजिन कोणतं ते एक शिलिंग मोजून कळायचं!

त्या पुस्तिकेने छंदाचा स्वभावच बदलला. पूर्वीची वही कोरी असे, जे दिसेल ते लिहायचं. आता छापील यादी समोर आली, जे दिसेल त्याखाली रेघ मारायची. रेघ न मारलेले नंबर डोळ्यांत खुपू लागले. माझ्या मते खरा इतिहास इथून सुरू होतो, कारण ‘दुर्मीळ’ या शब्दाला आता प्रत्येकाच्या पुस्तिकेत वेगळा अर्थ आला. रोज एकाच मालगाडीला लागणारं कळकट शंटिंग इंजिन एखाद्याला दहा वर्षं हुलकावणी देत असेल, तर त्याच्यासाठी तेच रत्न. पहिल्यांदा पाहिलेल्या इंजिनाला पोरं ‘कॉप’ म्हणत. केबिनमध्ये चढायला मिळालं तर ते ‘कॅब’ केलं. परवानगीशिवाय शेडमध्ये घुसून फोरमनने हाकलायच्या आत नंबर उतरवणं म्हणजे ‘बंकिंग’.

या घुसखोरीनेच प्रकरण अंगाशी आलं. इंग्लंडमधल्या टॅमवर्थला दोन मुख्य मार्ग एकमेकांना वर-खाली छेदतात, त्यामुळे एका जागी बसून दोन्हींची इंजिनं दिसत. साहजिकच तिथे पोरांची झुंबड. 1944 मध्ये रुळांवर गेल्याबद्दल काही मुलांवर कारवाई झाली आणि छंदालाच बंदी येते की काय असं वाटू लागलं. तेव्हा ॲलनने लोकोस्पॉटर्स क्लब काढला. सभासदाने रेल्वेच्या हद्दीत आगाऊपणा करायचा नाही, अशी त्याची अट होती. सदस्यसंख्या पुढे लाखाच्या वर गेली.

1948 मध्ये सरकारी रेल्वेकडे 20,000 हून अधिक वाफेची इंजिनं आली आणि चार कंपन्यांचे नंबर एकमेकांवर आदळू लागले. उपाय सरळ होता: सदर्नच्या नंबरांत 30,000 मिळवायचे, लंडन मिडलँडच्या 40,000, ईशान्येच्या 60,000. सर्वांत वेगवान वाफेचं इंजिन म्हणून 1938 मध्ये ताशी 126 मैलांचा विक्रम करणारं ‘मॅलार्ड’ तेव्हा 60022 झालं. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे नंबर मात्र तसेच राहिले, कारण त्यांचे आकडे पितळी ओतीव पाट्यांवर होते आणि त्या बदलणं खर्चाचं. एक गंमत अशी की त्याआधी काही काळ 10000 या नंबरची दोन इंजिनं एकाच वेळी चालत होती: एक 1929 चं प्रायोगिक वाफेचं, गुपचूप बांधलं म्हणून ‘हश-हश’ म्हटलं गेलेलं, आणि दुसरं डिसेंबर 1947 मध्ये आलेलं लंडन मिडलँडचं पहिलं मुख्य मार्गावरचं डिझेल. वहीत नुसतं 10000 लिहिणाऱ्याची पंचाईत झाली असेल.

मग यादीच लहान होऊ लागली. 1955 च्या आधुनिकीकरण आराखड्याने वाफेचं मरण ठरवलं. 1960 मध्ये स्विंडनला ‘इव्हनिंग स्टार’ हे सरकारी रेल्वेसाठीचं शेवटचं वाफेचं इंजिन तयार झालं आणि 11 ऑगस्ट 1968 रोजी पंधरा गिनी तिकिटाची निरोपाची गाडी धावली. आदल्या वर्षी पाहिलेली इंजिनं पुढच्या वर्षी भंगारात दिसत. सरकारने लढाईच्या वेळी लागतील म्हणून काही इंजिनं बोगद्यात दडवून ठेवली आहेत, अशी वदंता तेव्हापासून फिरते. बॉक्सच्या बोगद्याचं नाव त्यात हमखास येतं. तिथून एकही इंजिन बाहेर आलेलं नाही. जी खरंच वाचली ती वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून. तिथल्या मालकाने आधी वाघिणी तोडायला घेतल्या, इंजिनं वर्षानुवर्षं खारट वाऱ्यात गंजत पडली आणि छंदिष्टांनी वर्गणी काढून त्यांतली 213 सोडवली.

उरलेल्या डिझेलांनाही 1970 च्या दशकात नवे नंबर मिळाले. सदर्न पॅसिफिक या अमेरिकी कंपनीत घडलेली ‘टॉप्स’ नावाची संगणक प्रणाली ब्रिटनने घेतली, कोणतं इंजिन आणि कोणती वाघीण या क्षणी कुठे आहे ते सांगणारी. डी-1500 या डिझेलचं 47401 झालं: पहिले दोन आकडे जातीचे, पुढचे क्रमाचे. फलाटाच्या टोकाला पेन्सिल घेऊन बसलेली पोरं जे तीस वर्षं करत होती, तेच आता रेल्वे यंत्राकडून करवून घेऊ लागली. पोरांची मात्र टिंगल सुरू झाली. पावसाळी जाकिटावरून ‘अनोरॅक’ हा शब्द कंटाळवाण्या, एककल्ली माणसासाठी रूढ झाला तो 1980 च्या दशकात.

वाफेमागे जाणारे तोवर देशाबाहेर पडले होते. जपानमध्ये नियमित वाफेची प्रवासी गाडी डिसेंबर 1975 मध्ये थांबली, भारतात ब्रॉडगेजवर वाफ 1995 मध्ये संपली आणि चीनच्या जिथोंग रेल्वेवर 2005 अखेरपर्यंत टिकली. त्या शेवटच्या हिवाळ्यांत या मार्गावरच्या जिंगपेंग खिंडीत जगभरचे कॅमेरे रोखलेले असत. या लोकांना यादी पुरी करायची नव्हती, त्यांना शेवटचं इंजिन बघायचं होतं.

आणि आज? आज एका आराखड्याची शेकडो इंजिनं देशभर फिरतात, हद्दी पुसल्या गेल्या. त्यामुळे दुर्मीळपणा घडणीवरून रंगावर गेला आहे. युनियन पॅसिफिकने 2005 मध्ये 4141 नंबरचं इंजिन माजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्या विमानासारखं निळं-पांढरं रंगवलं. 2018 मध्ये त्यांची अंत्ययात्रेची गाडी त्यानेच ओढली. नॉरफोक सदर्नने 2012 मध्ये आपल्यात विलीन झालेल्या जुन्या कंपन्यांच्या रंगांत 20 इंजिनं सजवली आणि ती कुठे आहेत याचा पाठलाग हा स्वतंत्र खेळ झाला. जपानचा ‘डॉक्टर यलो’ हे इंजिन नव्हे, शिंकान्सेनचा मार्ग तपासणारी पिवळी गाडी. पण तिचं वेळापत्रक जाहीर करत नाहीत, म्हणून ती दिसणं शुभ मानतात. तिच्या दोन संचांपैकी एक जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाला.

भारतातल्या रेल्वेवेड्यांचा शब्द याहून नेमका आहे: ‘ऑफलिंक’. अमुक गाडीला अमुक शेडचं इंजिन, हा ठरलेला क्रम म्हणजे लिंक. ती मोडून लांबच्या शेडचं इंजिन आलं की ते ऑफलिंक. इथे शेडचं नाव इंजिनाच्या अंगावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे पाहुणा लगेच ओळखू येतो. म्हणजे 1923 नंतरच्या ब्रिटनमधली हद्दीची मजा या पद्धतीत शिल्लक आहे. घडणीनेच वेगळं इंजिन म्हणाल तर भोर आणि थळ घाटांतला ‘खेकडा’: ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1928 पासून आणलेली, दोन्हीकडे लांब नाक असलेली विजेची इंजिनं. त्यांतलं ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

नोंद पोचण्याचा वेग महिन्यावरून मिनिटावर आला, तसा तिचा उपयोगही बदलला. पूर्वी बातमी म्हणजे झालेल्या गोष्टीचा वृत्तांत असे, आता ती येणाऱ्या गाडीची वर्दी असते. ती मिळाली की माणसं धावतात. 25 फेब्रुवारी 2016 रोजी दुरुस्तीनंतर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे नावाजलेलं वाफेचं इंजिन लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा फोटोसाठी रुळांवर उतरलेल्या लोकांमुळे त्याला वाटेत थांबावं लागलं. टॅमवर्थची पोरं आठवावीत, फक्त यांतले बरेचसे मोठे होते. नंबर टिपणाऱ्याकडे संशयाने बघणंही थांबलेलं नाही. 2001 मध्ये ग्रीसमध्ये लष्करी विमानांच्या नोंदी करणारे 12 ब्रिटिश आणि 2 डच छंदिष्ट हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. शिक्षा झाली, पण पकडल्यानंतर वर्षभराने ते अपिलात सुटले. विमानवाले वेगळे, पण वही तीच.

एक नियम मात्र पोस्टकार्डांच्या काळापासून आजवर टिकून आहे. दुसऱ्याने कळवलेलं इंजिन ही माहिती झाली. आपल्या पुस्तिकेत रेघ मारायची तर ते आपण स्वतः पाहिलेलं हवं. या हिशेबाने सुकने त्या दिवशी बरोबर नंबर आणला असता, तरी तो द्वोर्जाक यांच्या खात्यात धरला गेला नसता.