फॉक्सप्रो : ग्रामीण विदर्भातील वापर

फॉक्सप्रो ही डेटाबेस (माहितीचा साठा) आणि प्रोग्रामिंग भाषा अशी दोन्ही कामे एकत्र करणारी प्रणाली. ग्रामीण विदर्भातील कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, अडत दुकाने, पतसंस्था आणि सेवा सहकारी सोसायट्या यांच्या हिशेबात ती शिरली. काही ठिकाणी आजही तिच्यावरच पट्ट्या, म्हणजे मालाच्या वजन-भावाच्या हिशेबाच्या पावत्या, निघतात.

डीबेस या आधीच्या प्रणालीच्या धर्तीवर अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीने आधी फॉक्सबेस आणि 1989 मध्ये फॉक्सप्रो आणले. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली आणि 1995 मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो आले. 2004 ची 9.0 ही शेवटची आवृत्ती. तिला मिळणारा कंपनीचा आधार 13 जानेवारी 2015 रोजी संपला. त्यानंतर नवी त्रुटी सापडली तरी कंपनीकडून दुरुस्ती येत नाही.

ही भाषा इथे रुजली ती कामाच्या स्वरूपामुळे. वेगळा सर्व्हर लागत नाही, एक साधा संगणक आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पुरतो. कास्तकाराची गाडी काट्यावर येते, भरल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला फरक काढायचा, त्याला भावाने गुणायचे, हमाली-तोलाई कापायची आणि पट्टी हाती द्यायची. पुढे रुई, सरकी आणि 170 किलोच्या गाठींचा हिशेब. हे गणित पंचवीस वर्षांत बदललेले नाही. 1998 मध्ये बरोबर पट्टी काढणारा प्रोग्राम आजही बरोबरच पट्टी काढतो. जुनी झाली एवढ्यावरून भाषा टाकाऊ ठरवणे चूक आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगळा आणि गंभीर आहे. फॉक्सप्रो ज्यांत नोंदी साठवते त्या डीबीएफ फाइल मुळात कुलूपबंद नसतात. फाइलपर्यंत हात पोहोचलेला कोणीही ती स्प्रेडशीटमध्ये उघडून वजन बदलू शकतो आणि कोणी बदलले याची नोंद आपोआप राहत नाही. प्रोग्राम सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड फक्त प्रोग्रामचे दार राखतो, फाइलचे नाही. तयार प्रोग्राममधून मूळ सोर्स कोड (प्रोग्रामची लिहिलेली संहिता) बऱ्याच अंशी परत काढता येत असल्याने कोडमध्ये लिहून ठेवलेला पासवर्डही गुप्त राहत नाही. लेखापरीक्षकाच्या उपयोगाची एक गोष्ट मात्र यात आहे. ‘डिलीट’ आज्ञेने नोंद पुसली जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. खूण केलेल्या नोंदी कायमच्या काढणारी ‘पॅक’ आज्ञा दिली नसेल तर ‘रिकॉल’ने ती परत आणता येते. संशयाच्या वेळी आधी फाइलची प्रत काढावी, मगच संगणकाला हात लावावा.

दुसरा शत्रू म्हणजे वीज. ऐन हंगामात नोंद लिहिताना वीज गेली तर टेबल (नोंदींचा तक्ता) आणि इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) यांचा मेळ तुटू शकतो. मग खाते असूनही शोधात सापडत नाही. ‘रीइंडेक्स’ने इंडेक्स नव्याने बांधता येतो, अर्धवट लिहिलेली नोंद मात्र त्याने पूर्ण होत नाही. म्हणून यूपीएस आणि रोजचा बॅकअप हवा. तोही त्याच संगणकावर नव्हे, तर बाहेर काढून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवरची फॉक्सप्रोची 2.6 आवृत्ती 64-बिट विंडोजवर थेट चालत नाही, तिला डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामचा आधार लागतो. व्हिज्युअल फॉक्सप्रो 32-बिट असल्याने सहसा चालते. खरा धोका या प्रोग्रामपायी जपलेल्या जुन्या संगणकात आहे. विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजीच संपला. असे यंत्र इंटरनेटला जोडून त्यावरच मेल आणि बँकेचे व्यवहार करणे म्हणजे घराचे दार उघडे टाकून शेतावर जाणे. नेट तोडून, फक्त काट्यासाठी ठेवले तर धोका बराच कमी होतो. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाल्यावर विवरणपत्रे ऑनलाइन भरावी लागतात. त्यासाठी आकडे फाइलमध्ये काढून दुसऱ्या संगणकावर नेता येतात.

मराठी नावांची अडचण उरतेच. फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची आजची समान अक्षरपद्धत, येत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राने किंवा जुन्या फॉन्टने टाइप केलेली खातेदारांची नावे नव्या प्रणालीत तशीच नेली तर अगम्य चिन्हे दिसतात. आधी रूपांतर करून प्रत्येक नाव सातबाऱ्याशी किंवा पासबुकाशी ताडून घ्यावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका चुकीच्या नावावर कर्ज चढू शकते.

प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी, म्हणजे गावच्या सेवा सहकारी सोसायट्यांसाठी, केंद्र सरकारने 29 जून 2022 रोजी 63,000 संस्थांच्या संगणकीकरणाची 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यामुळे ज्या सोसायट्यांचा हिशेब फॉक्सप्रोत आहे तिथे सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवासमोर नव्या प्रणालीत स्थलांतराचा प्रश्न उभा राहतो. डीबीएफची रचना खुली असल्याने आकडे बाहेर काढणे सोपे आहे. कठीण आहे तो अर्थ. क्षेत्राच्या, म्हणजे फाइलमधल्या रकान्याच्या, नावाला दहाच अक्षरे मिळत असल्याने ‘आरटी2’ म्हणजे कोणता दर, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तो बहुधा गाव सोडून नागपूर-पुण्याला गेलेला असतो. तो फोनवर सापडतो तोवरच प्रत्येक क्षेत्राचा अर्थ वहीत उतरवून घ्यावा. मग एक पूर्ण हंगाम जुनी आणि नवी प्रणाली सोबत चालवून रोज संध्याकाळी दोन्हींतील क्विंटल आणि रोकड यांच्या बेरजा ताडाव्यात. फरक निघाला तर त्याच दिवशीच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. हंगाम संपेपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये.