कार्ताझ

कार्ताझ म्हणजे हिंदी महासागरातून जाणाऱ्या आशियाई जहाजांना पोर्तुगीज अधिकारी देत असलेला सफरीचा परवाना. सोळाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत सुरू झाली आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे कमीजास्त जोराने चालू राहिली. कागदासाठी द्यावी लागणारी रक्कम किरकोळ असे. खरी किंमत त्यातल्या अटींत होती. कार्ताझ घेणाऱ्या जहाजाला ठरलेल्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. कार्ताझ नसलेले जहाज पकडले गेले तर माल जप्त होई आणि खलाशी मारले जात किंवा वल्हवायच्या गलबतांवर गुलाम म्हणून जुंपले जात. परवान्याने संरक्षण मिळे हे खरे, पण धोका मुख्यतः परवाना देणाऱ्यांचाच होता.

परवान्यात जहाजाचे नाव आणि आकार, नाखव्याचे नाव, खलाशी व शस्त्रे किती, कुठून कुठे जाणार, असा तपशील लिहिलेला असे. त्याखाली मनाई असे. मिरी आणि इतर मसाले हा पोर्तुगीज राजाचा मक्ता, म्हणून ते न्यायचे नाहीत. तोफा, दारूगोळा, लोखंड, जहाजबांधणीचे लाकूड न्यायचे नाही. तुर्क किंवा पोर्तुगिजांचे इतर शत्रू प्रवासी म्हणून घ्यायचे नाहीत. यातली एखादी अट मोडल्याचा संशयही जहाज धरायला पुरे होई. संशय कधी घ्यायचा हे गस्तीवरचा कप्तान ठरवी, आणि लुटीत त्याचाही वाटा असे.

या साऱ्याला आधार कोणता? वास्को द गामा परतल्यावर राजा मानुएलने आपल्या बिरुदांत इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या ‘जिंकण्याचा, नौकानयनाचा व व्यापाराचा स्वामी’ ही पदवी जोडून घेतली. तेव्हा या मुलखात त्याची एक वीतही जमीन नव्हती. पुढे इतिहासकार जुआंव द बारुश याने युक्तिवाद मांडला की समुद्र सर्वांना खुला हे तत्त्व ख्रिस्ती युरोपापुरते आहे. ख्रिस्ती धर्माबाहेरच्यांना त्याचा लाभ नाही, आणि पोर्तुगीज येण्याआधी या समुद्रावर कोणी हक्क सांगितलेला नव्हता, म्हणून तो पोर्तुगिजांचा. ज्या समुद्रावरून अरब, गुजराती, मलबारी आणि मलाय जहाजे शतकानुशतके ये-जा करत होती, तिथे कोणी मालकी सांगितली नव्हती हेच मालकी सांगण्याचे कारण झाले. किनाऱ्यावरचे राजे बंदरात आलेल्या मालावर जकात घेत, पण भर समुद्रात कोण कुठे जातो याचा हिशेब मागण्याची रीत इथे नव्हती.

सुरुवात रक्तपाताने झाली. १५०२ मध्ये, दुसऱ्या सफरीवर आलेल्या वास्को द गामाने मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणारे ‘मीरी’ नावाचे जहाज अडवले. त्यावर बायकामुलांसह शेकडो यात्रेकरू होते. खंडणी देऊ केली असूनही जहाज लुटून पेटवून दिले गेले. काही मुले तेवढी बाप्तिस्मा देण्यासाठी काढून घेतली. डिसेंबर १५०८ मध्ये पहिला विजरई (पोर्तुगीज राजाचा हिंदुस्थानातला प्रतिनिधी) फ्रांसिश्कु द आल्मैद याने आदिलशाहीतले दाभोळ बंदर जाळले आणि तिथल्या लोकांची कत्तल केली. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, त्याचा सूड म्हणून. पुढे गोवा (१५१०), मलाक्का (१५११) आणि होर्मुझ (१५१५) ही नाकी हाती आली. एडन मात्र १५१३ मध्ये घेता आले नाही आणि तांबड्या समुद्राचे तोंड कायमचे उघडेच राहिले.

कागद जारी करणे सोपे होते, बंदरांकडे जहाजे वळवणे अवघड. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईला परवाना घ्यावा आणि परतताना तिथेच जकात भरावी, असे कलम त्या तहात होते. वर्षभरातच दीवला किल्ला बांधायची परवानगी मिळाली आणि गुजराती व्यापाराची किल्ली तिकडे गेली. पुढे किनाऱ्याने जाणारी लहान गलबते काफिले करून पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात गोव्याला नेली जाऊ लागली. हा पहारा मलबारी चाच्यांपासून बचावासाठी होता, तसाच काफिल्यातली गलबते जकात चुकवून दुसरीकडे वळू नयेत यासाठीही.

मोठ्या गुजराती सावकारांनी याकडे बहुतेक खर्चाची एक बाब म्हणून पाहिले. जकात भरूनही नफा उरत होता. अहमदनगर आणि विजापूरच्या सुलतानांनी तहांत आपल्या जहाजांसाठी काही मोफत परवाने मागून घेतले. पण मलबारच्या माप्पिला मुसलमान व्यापाऱ्यांना हा मार्ग नव्हता, कारण मिरीचा व्यापार हीच त्यांची उपजीविका आणि नेमका तोच त्यांना बंद. शेख झैनुद्दीन मखदूम या मलबारी विद्वानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘तुहफत-उल-मुजाहिदीन’ मध्ये आधी मिरी आणि सुंठ, मग दालचिनी-लवंग असा एकेक माल त्यांच्या हातून कसा काढून घेतला गेला ते लिहून ठेवले आहे. यातूनच कालिकतचा राजा सामुद्री याच्या आरमाराचे पिढीजात सरदार कुंजाली मरक्कार यांची झुंज उभी राहिली. त्यांची हलकी, वल्ह्यांची गलबते खाड्यांतून निघून पोर्तुगीज जहाजांवर तुटून पडत. शेवटी खुद्द सामुद्रीच पोर्तुगिजांना मिळाला आणि चौथ्या कुंजालीचा १६०० मध्ये गोव्यात शिरच्छेद झाला. पोर्तुगीज कागदपत्रांत हे लोक चाचे म्हणून येतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी व्यापारच चालत होता.

हजची वाट हा या पद्धतीचा सर्वांत नाजूक सांधा होता. १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर अकबराच्या हाती सुरत आले, पण मक्केला जायचे तर परवाना फिरंग्यांचाच घ्यावा लागे. बाबराची मुलगी गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही त्यापायी सुरतेत ताटकळावे लागले. दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या मौलवीने तर हज आता बंधनकारकच नाही असा निर्वाळा दिल्याचे अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो. खुष्कीचा मार्ग शियांच्या इराणातून जातो, आणि समुद्रमार्गाने जायचे तर मेरी व येशू यांच्या चित्रांचा परवाना जवळ बाळगावा लागतो, ही मूर्तिपूजाच झाली, असा त्याचा मुद्दा होता. बदायुनीला हा मौलवी आवडत नसे, हे ध्यानात ठेवूनच ही नोंद वाचावी.

१६१३ मध्ये पोर्तुगिजांनी जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. जहाजावर कार्ताझ होता. मुघलांनी सुरतेत इंग्रजांना थारा देऊ नये म्हणून दडपण आणण्याचा हा प्रयत्न होता, पण तो अंगलट आला. जहांगीरने पोर्तुगिजांचा व्यापार थांबवला, जेझुइट पाद्र्यांची चर्चे बंद केली आणि दमणवर फौज धाडली. इंग्रजांचे पाय सुरतेत पक्के झाले ते याच काळात.

पोर्तुगिजांचा पहारा कधीच संपूर्ण नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमात्रातील अचेहून मालदीवमार्गे तांबड्या समुद्रात मिरी पुन्हा भरपूर जाऊ लागली होती. पोर्तुगीज अधिकारी स्वतःच चोरून व्यापार करत, आणि मनाई केलेल्या मालाकडे काणाडोळा करण्याचे दर ठरलेले असत. घोड्यांच्या बाबतीत मात्र पकड घट्ट होती. होर्मुझकडून येणारे घोडे गोव्यात उतरवायला लावून दख्खनच्या सत्तांना पोर्तुगिजांनी आपल्यावर अवलंबून ठेवले, आणि १५४७ च्या तहाने विजयनगरला या घोड्यांवर एकट्याचा हक्क देऊ केला.

कार्ताझला बौद्धिक आव्हान युरोपातूनच मिळाले. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज लुटले. त्या लुटीचे समर्थन करताना डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने समुद्र कोणाच्याच मालकीचा नसतो असे प्रतिपादन केले आणि ते १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ (खुला समुद्र) या नावाने छापले गेले. मग मलाक्का, श्रीलंका आणि मलबारच्या किनाऱ्यावर सत्ता आली तेव्हा डचांनी आशियाई जहाजांना आपले परवाने घ्यायला लावले. इंग्रजांनीही तेच केले.

कोकणात या पद्धतीचे उत्तर मराठ्यांनी तिच्याच भाषेत दिले. शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार बांधायला घेतले तेव्हा वसईचे पोर्तुगीज अस्वस्थ झाले. परवाना न मागणारी, स्वतःची गलबते असणारी सत्ता शेजारी उभी राहत होती. कान्होजी आंग्रे यांनी पुढचे पाऊल टाकले. सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, या नात्याने ते कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे आपला परवाना, देत आणि दस्तक नसेल तर जहाज धरत. इंग्रजांनी याला चाचेगिरी ठरवले, मुंबईहून ते स्वतः परवाने देत असतानाही. कान्होजी जी मागणी करत होते ती या समुद्रावर दोनशे वर्षे रूढ होती. नवे एवढेच की मागणारा इथला होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगिजांनी मिळून त्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली, ती फसली.