‘आफ्रिकन सगळे सारखेच दिसतात’ हा गैरसमज

‘काळाकुट्ट रंग, कुरळे केस, धिप्पाड देह, आफ्रिकन म्हणजे असाच’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. ते साफ चूक आहे.

दक्षिण सुदानमधले डिंका लोक जगातल्या सर्वांत उंच समाजांपैकी. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला मनुते बोल त्यांच्यातलाच, उंची ७ फूट ७ इंच! तिथून दक्षिणेला, काँगोच्या इतुरी जंगलातले म्बुटी पुरुष मात्र पाच फुटांच्या आतच. दक्षिणेकडच्या कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांचा रंग तर फिकट तपकिरी, जवळपास गव्हाळ. डोळ्यांच्या पापण्यांना घडी अशी, की पूर्व आशिया आठवावा.

कारण सरळ आहे. माणूस सर्वाधिक काळ आफ्रिकेतच राहिला. बाहेर पडले ते थोडे गट. उरलेलं जग बहुतांशी त्यांचंच वंशज. म्हणून उरलेल्या जगापेक्षा आफ्रिकेतच जनुकीय वैविध्य जास्त सापडतं. (सारखे दिसतात म्हणायचंच, तर ते आपल्याला म्हणावं.)

आपला ‘हबशी’ शब्दही याच गोंधळातला. हबश म्हणजे इथिओपियाचा प्रदेश. मलिक अंबर मूळचा तिथला. शब्द मात्र आपण अख्ख्या खंडाला चिकटवून टाकला.