राणी रामपाल: शाहाबाद ते टोकियो

ऑक्टोबर २०२४ मध्ये राणी रामपालने निवृत्ती जाहीर केली आणि हॉकी इंडियाने तिची २८ क्रमांकाची जर्सीही कायमची बाजूला ठेवली. तिच्याबद्दल बोलताना बहुतेकांना गरिबीच आधी आठवते. ती खरीच होती. प्रशिक्षकांनी रोज अर्धा लिटर दूध प्यायला सांगितलेले, घरात परवडे जेमतेम २०० मिली. मग राणी त्यात पाणी मिसळून माप पुरे करायची. पण नुसत्या हलाखीतून कुणी आंतरराष्ट्रीय खेळाडू घडत नाही. त्यासाठी मैदान लागते, शिकवणारा लागतो.

हरियाणातल्या शाहाबाद मारकंडा या छोट्या गावात दोन्ही होते. कडक शिस्तीचे बलदेव सिंग तिथे मुलींना हॉकी शिकवत. टोकियो ऑलिंपिकच्या भारतीय संघात राणी, नवजोत कौर आणि नवनीत कौर या तिघी शाहाबादच्याच होत्या, यावरून त्या मैदानाचे मोल कळावे.

राणी चौदाव्या वर्षी देशाकडून खेळली. २०१० च्या विश्वचषकात, अर्जेंटिनातल्या रोसारिओत, पंधरा वर्षांच्या या मुलीने ७ गोल केले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान मिळवला. २०१३ मध्ये कनिष्ठ संघाला विश्वचषकात कांस्य मिळाले. १९८० च्या मॉस्कोनंतर भारतीय महिला संघ थेट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला. मधली छत्तीस वर्षे किती पिढ्यांची मेहनत ऑलिंपिकविना वाया गेली, याचा विचार आपण फारसा करत नाही. रिओत मात्र भारत शेवटचा, बारावा आला.

म्हणूनच नोव्हेंबर २०१९ मधली भुवनेश्वरची संध्याकाळ मला तिच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी वाटते. टोकियोच्या तिकिटासाठी अमेरिकेशी दोन सामने होते आणि निकाल दोन्हींतल्या गोलांच्या बेरजेवर ठरणार होता. पहिला भारताने ५-१ असा जिंकला. दुसऱ्यात मध्यंतरालाच अमेरिका ४-० ने पुढे. बेरीज ५-५, आघाडी संपलेली, कलिंगा स्टेडियम चिडीचूप. ४८व्या मिनिटाला कर्णधार राणीने चेंडू जाळ्यात धाडला. सामना हरला, पण ६-५ ने टोकियो गाठले.

तिथेही पहिले तिन्ही सामने गेले. मग आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलिया यांना हरवून संघ चौथा आला. कांस्यपदकाची लढत ब्रिटनने ४-३ ने जिंकली. त्याआधीच, २०२० मध्ये, राणीला पद्मश्री आणि खेलरत्न मिळाले होते. खडकीच्या धनराज पिल्लेंना मिळालेला खेलरत्न महिला हॉकीत पहिल्यांदा तिच्याकडे आला.

टोकियोनंतर दुखापतीने ती बाहेर पडली आणि २०२२ च्या विश्वचषक संघात तिचे नाव नव्हते. ज्या खेळाडूने संघाला टोकियोला नेले, तिला मैदानावरचा निरोप याहून चांगला मिळायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते. आता ती प्रशिक्षणाकडे वळली आहे.